समीकरण 'वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी' मध्ये आणताना चिन्ह नेमकं कुठे चुकतं?

आधी तुझा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता अकरावी सायन्स, स्ट्रेट लाइनचा चॅप्टर सुरू झालाय आणि ४क्ष − ३य = १२ हे समीकरण स्लोप-इंटरसेप्ट फॉर्ममध्ये आणताना तुझं उत्तर दर वेळी वेगळं येतंय. शेवटी तू दोन गोष्टी विचारल्यास: तीन खाली जाताना त्याचं चिन्ह बदलायचं की नाही, आणि हे सगळं सोडून सरळ 'मायनस ए अपॉन बी' हे स्लोपचं सूत्र पाठ केलं तर चालेल का. तू केलेल्या पायऱ्याही लिहिल्यास ते फार बरं केलंस, त्याशिवाय नेमकी अडचण कुठे आहे ते कळलंच नसतं. (मी इथे एक्सच्या जागी क्ष आणि वायच्या जागी य लिहितेय, बाकी सगळं तुझ्या पुस्तकातलंच आहे. स्लोप म्हणजे दहावीच्या निर्देशक भूमितीत तू दोन बिंदूंवरून काढायचास तो चढ, नवीन काही नाही. 'एमएक्स प्लस सी' मधला एम म्हणजे हा स्लोप, आणि सी म्हणजे इंटरसेप्ट, रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य.)

तुझी पहिली पायरी −३य = १२ − ४क्ष, ही बरोबर आहे. पुढे तू लिहिलंयस "३ पलीकडे गेला, चिन्ह बदललं" आणि य = (१२ − ४क्ष)/३ केलंस, म्हणजे य = −(४/३)क्ष + ४. खरं उत्तर आहे य = (४/३)क्ष − ४. स्लोपचं चिन्ह उलटं आणि इंटरसेप्टचंही उलटं.

आता मला इथे खरी अडचण काय दिसते ते सांगते. तुला बीजगणित येत नाही असं अजिबात नाहीये. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य सातवी-आठवीपासून आपल्या सगळ्यांच्या कानावर पडतं आणि त्या एका वाक्यात दोन पूर्ण वेगळी कामं कोंबलेली आहेत. ४क्ष डावीकडून उजवीकडे गेलं तेव्हा तू खरं तर दोन्ही बाजूंतून ४क्ष वजा केलेस, म्हणून डावीकडचे गेले आणि उजवीकडे −४क्ष दिसले. इथे चिन्ह "बदललेलं" दिसतं ते वजा केल्यामुळे. पण −३य मधला −३ हा य ला गुणलेला आहे, मिळवलेला नाही. तो काढायचा तर दोन्ही बाजूंना −३ ने भागायचं, आणि भागताना −३ हा −३ च राहतो, त्याचा +३ होत नाही. तू मिळवण्याचा नियम गुणाकाराला लावलास, एवढंच झालंय. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, खाली जाताना चिन्ह बदलत नाही, ते आपलं चिन्ह घेऊनच खाली जातं.

मी अकरावीच्या बॅचला सुरुवातीला "पलीकडे नेलं" असं म्हणूच देत नाही. दर पायरीला तोंडाने म्हणायला लावते, "दोन्ही बाजूंतून ४क्ष वजा केले", "दोन्ही बाजूंना −३ ने भागलं". मुलं कंटाळतात, त्यांना वाटतं मॅडम आठवीचं शिकवतायत, पण पंधरा-वीस गणितं अशी केली की चिन्हाच्या चुका जवळजवळ बंद होतात, मग काय म्हणायचं ते म्हणा. हे तू घरी एकट्यानेही करू शकतोस, मोठ्याने बोलायचं मात्र.

दुसरी एक सवय सांगते, ती मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते. य ज्या बाजूला प्लस होईल त्या बाजूला त्याला ठेवायचं. य डावीकडेच पाहिजे असा काही नियम नाही. ४क्ष − ३य = १२ मध्ये दोन्ही बाजूंत ३य मिळव: ४क्ष = १२ + ३य. आता दोन्ही बाजूंतून १२ वजा कर: ४क्ष − १२ = ३य. आता ३ ने भाग, साध्या प्लस ३ ने: (४/३)क्ष − ४ = य. शेवटच्या ओळीत बाजू उलटून लिही, य = (४/३)क्ष − ४. मायनसने भागायची वेळच आली नाही. ज्यांचं चिन्ह वारंवार चुकतं त्यांना मी हीच पद्धत देते.

भागतानाची अजून एक गोष्ट. ३ ने भागायचं म्हणजे त्या बाजूच्या प्रत्येक पदाला भागायचं. बरीच मुलं य = (४/३)क्ष − १२ लिहितात, कारण त्यांच्या मनात ३ फक्त ४ च्या खाली गेलेला असतो. म्हणून भागायच्या पायरीला एक मोठी रेघ मारून पूर्ण बाजू वर आणि ३ खाली असं लिही, मग पुढच्या ओळीत दोन वेगळे अपूर्णांक कर. आणि ४/३क्ष असं घाईत लिहू नकोस, हाताने लिहिताना क्ष घसरत घसरत खाली ३ जवळ जातो आणि दोन ओळींनंतर तुझा तुलाच कळत नाही की तो वर होता की छेदात. एकतर कंस कर नाहीतर क्ष अपूर्णांकाच्या रेघेच्या बरोबर समोर लिही.

आता उत्तर तपासायचं कसं, हे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तुझ्या उदाहरणात एक फसवी गोष्ट आहे. समज तू तुझं चुकलेलं उत्तर य = −(४/३)क्ष + ४ तपासायला क्ष = ३ घेतलास. य = ० येतो. मूळ समीकरणात टाकलंस तर १२ − ० = १२, बरोबर! तू खूश, पुढच्या गणिताकडे. पण उत्तर तर चूक आहे. असं का झालं? कारण पूर्ण उजवी बाजू चुकून उलट्या चिन्हाची झाली असेल तर जिथे ती शून्य होते ती जागा तीच राहते, शून्याला मायनस लावला तरी शून्यच. म्हणजे तुझी चुकलेली रेषा ही खऱ्या रेषेचं क्ष-अक्षात पडलेलं प्रतिबिंब आहे आणि दोघी (३, ०) मधूनच जातात. तिथे तपासून ही चूक कधीच सापडणार नाही. क्ष = ० घेऊन बघ: तुझा य येतो ४, मूळ समीकरणात ० − १२ = −१२, पण पाहिजे होते १२. लगेच पकडली गेली.

मग नेहमी क्ष = ० घेऊनच तपासू का? तेही पुरत नाही. समज कुणी य = −(४/३)क्ष − ४ असं काढलं, तर क्ष = ० ला य = −४ येतो आणि तो मूळ समीकरणात बसतो, पण स्लोप चुकलेला आहे. म्हणून दोन ठिकाणी तपासायचं, एकदा क्ष = ० घेऊन आणि एकदा य = ० घेऊन. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, तेव्हा दोन्ही बिंदू मूळ समीकरणात बसले तर तुझी रेषा तीच आहे, यात शंका उरत नाही. फक्त रेषा आरंभबिंदूतून जात असेल, जसं २क्ष − ५य = ०, तर दोन्हीकडून (०, ०) हाच बिंदू मिळतो, तिथे दुसरा म्हणून क्ष = ५ सारखा काहीतरी सोयीचा आकडा घे. हे सगळं करायला अर्धं मिनिट लागतं आणि तोंडी होतं.

तुझा दुसरा प्रश्न, मायनस ए अपॉन बी. चालेल का? हे तू कुठल्या पेपरसाठी विचारतोयस त्यावर आहे. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, आणि स्ट्रेट लाइन हा अकरावीचा चॅप्टर तिथे येतो. तिथे सूत्र पाठ असलंच पाहिजे, समीकरण बघितलं की स्लोप डोळ्यांनीच वाचता आला पाहिजे. पण लेखी पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, तिथे य एकटा करून दाखवलेला बरा. आणि आत्ता, चॅप्टर नुकताच सुरू झालाय तेव्हा, मी तुला सूत्र थोडं लांबच ठेवायला सांगेन. कारण सूत्राची पण एक अट आहे आणि ती मुलं विसरतात. ए क्ष + बी य + सी = ० असं सगळं एका बाजूला असेल तर स्लोप −ए/बी आणि वाय-इंटरसेप्ट −सी/बी. पण दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीसाठी आपण तेच समीकरण ए क्ष + बी य = सी असं लिहायचो, स्थिरपद उजवीकडे. तसं असेल तर स्लोप तोच, −ए/बी, पण इंटरसेप्ट होतो +सी/बी. मराठी मीडियममधून आलेल्या मुलांच्या डोक्यात दोन्ही रूपं असतात आणि इंटरसेप्टचं चिन्ह तिथे घसरतं. तुझंच समीकरण घे: स्लोप −४/(−३) = ४/३. इंटरसेप्ट १२/(−३) = −४. आता हेच ४क्ष − ३य − १२ = ० लिहिलं तर सी झाला −१२, इंटरसेप्ट −(−१२)/(−३) = −४. उत्तर एकच, पण सूत्र कुठलं वापरतोय ते माहीत पाहिजे. य एकटा करता येत असेल तर हे लक्षात ठेवायचीच गरज नाही, सूत्र विसरलास तरी दोन ओळींत परत तयार करता येतं.

दशांश किंवा अपूर्णांक असतील तर आधी ते घालव, मग य एकटा कर. ०.५क्ष + ०.२य = ३ ला सरळ १० ने गुणलं की ५क्ष + २य = ३०, मग य = −(५/२)क्ष + १५. पण क्ष/२ + य/३ = १ असं समीकरण आलं तर जरा थांब. हा डबल इंटरसेप्ट फॉर्म आहे, रेषा अक्षांना २ आणि ३ वर छेदते हे नुसतं बघून कळतं. प्रश्नात इंटरसेप्टच विचारले असतील किंवा अक्षांबरोबर होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ हवं असेल तर याला मोडून य = −(३/२)क्ष + ३ करण्यात काही अर्थ नाही, क्षेत्रफळ तसंही ३ चौरस एकक आलंच. कुठल्या फॉर्ममध्ये न्यायचं हे प्रश्न काय विचारतोय त्यावरून ठरतं. स्लोप, समांतर, लंब, आलेख असं काही असेल तर य एकटा करणं फायद्याचं.

समांतरवरून आठवलं, ४क्ष − ३य = १२ आणि ८क्ष − ६य = १० ही जोडी सोडवायला दिली तर मुलं एलिमिनेशन करत बसतात आणि शेवटी ० = १४ आलं की घाबरतात. दोन्हींचा य एकटा केलास की दिसतं, पहिली य = (४/३)क्ष − ४, दुसरी य = (४/३)क्ष − ५/३. स्लोप सारखा, इंटरसेप्ट वेगळा, म्हणजे समांतर, उकल नाही. आणि दुसरं समीकरण १२क्ष − ९य = ३६ असतं तर इंटरसेप्टही सारखा आला असता, एकच रेषा, अनंत उकली.

आलेख काढतानाही याचा खरा उपयोग आहे. दहावीत आपण टेबल करायचो, क्ष = ०, १, २ घ्यायचो, आणि य ला −४, −८/३, −४/३ असले बिंदू यायचे जे आलेख कागदावर नीट मांडताच येत नाहीत. य = (४/३)क्ष − ४ हातात असेल तर य-अक्षावर −४ वर टिंब दे, तिथून ३ उजवीकडे आणि ४ वर जा, आलास (३, ०) वर. परत ३ उजवीकडे ४ वर, (६, ४). सगळे पूर्णांक. छेदाएवढं उजवीकडे जायचं, अंशाएवढं वर, अंश मायनस असेल तर खाली.

एक प्रकार असा आहे जिथे हे रूप मिळतच नाही. ३क्ष = १५ मध्ये य नाहीचये, मग एकटा कुणाला करणार? ही क्ष = ५ अशी उभी रेषा, य-अक्षाला समांतर, तिचा स्लोप काढता येत नाही. शून्य नव्हे हां. शून्य स्लोप आडव्या रेषेचा, जसं २य = ८ म्हणजे य = ४. हे दोन मुलं सर्रास एकमेकांच्या जागी लिहितात. दोन बिंदूंवरून चढ काढायचं सूत्र आठव: उभ्या रेषेवर सगळ्या बिंदूंचा क्ष एकच असतो, त्यांची वजाबाकी शून्य, आणि ती छेदात बसते, म्हणून भागाकारच करता येत नाही.

जाता जाता तू विचारलंयस की हे प्रत्यक्षात कुठे लागतं. मी वर्गात रिक्षाचं भाडं घेते. मुंबई महानगर भागात फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, पहिल्या दीड किलोमीटरला, आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. आता क्ष किलोमीटरला भाडं य किती, हे लिहायला सांगितलं की जवळपास सगळा वर्ग लिहितो य = १७.१४क्ष + २६. ऐकायला बरोबर वाटतं, सुरुवातीचे २६ हा इंटरसेप्ट. पण ५ किलोमीटर टाकून बघ, १११.७० रुपये येतात, एवढे होत नाहीत. पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे आपण दोनदा लावले. २६ रुपये हे क्ष = ० ला नाहीत, क्ष = १.५ ला आहेत. म्हणजे आपल्याकडे इंटरसेप्ट नाही, एक बिंदू आहे (१.५, २६) आणि स्लोप १७.१४ आहे. तर पॉइंट-स्लोप फॉर्म लिहायचा, य − २६ = १७.१४(क्ष − १.५), कंस सोडवला की य = १७.१४क्ष − २५.७१ + २६, म्हणजे य = १७.१४क्ष + ०.२९. आता ५ किलोमीटरला ८५.९९, साधारण ८६ रुपये, वेटिंग आणि रात्रीचा जादा आकार सोडून.

इंटरसेप्ट २६ नाही, फक्त २९ पैसे आला! मला हे फार आवडतं, कारण समीकरण या रूपात आणल्यावर एक गोष्ट समोर येते जी आधी दिसत नव्हती: किमान भाडं म्हणजे दीड किलोमीटरचं नेहमीच्या दराने होणारं भाडंच आहे, २५.७१ चे पुढच्या रुपयात २६ केलेले. ही रेषा १.५ च्या अलीकडे लावायची नाही हेही वर्गात सांगावं लागतं, तिथे भाडं सपाट २६ च असतं. काळी-पिवळी टॅक्सीला तेव्हाच ३१ आणि २०.६६ असे दर झाले, तिचा इंटरसेप्ट तू काढून बघ, आकडा बघून गंमत वाटेल.

अजून एक, खाली कॉमेंटमध्ये बारावी कॉमर्सच्या एका मुलीने रिग्रेशनबद्दल (एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणाऱ्या रेषांबद्दल) विचारलंय, ते याच्याशी जोडलेलंच आहे. तिथे दोन समीकरणं देतात आणि कुठलं 'वाय ऑन एक्स' (क्ष वरून य चा अंदाज) आणि कुठलं 'एक्स ऑन वाय' (य वरून क्ष चा) ते ओळखायचं असतं. समज २क्ष − ५य + ३० = ० आणि ८क्ष − ५य − ६० = ०. पहिल्यात य एकटा कर, य = ०.४क्ष + ६. दुसऱ्यात य ऐवजी क्ष एकटा कर, क्ष = ०.६२५य + ७.५. ०.४ आणि ०.६२५ या दोन सहगुणकांचा गुणाकार ०.२५, तो १ पेक्षा मोठा नाही म्हणून आपण धरलेलं बरोबर, आणि दोन्ही सहगुणक प्लस आहेत म्हणून आर (सहसंबंध गुणांक, या गुणाकाराचं वर्गमूळ) = ०.५. उलटं धरलं असतं तर २.५ गुणिले १.६ म्हणजे ४ आले असते, ते शक्यच नाही. बऱ्याच मुली-मुलं सवयीने दोन्हींत य च एकटा करतात आणि मग गणित सुटत नाही.

आता तुझ्यासाठी पाच देते, सूत्र न वापरता कर आणि प्रत्येकाला दोन बिंदूंनी तपास. ५क्ष + २य = २०. मग ७ − य = ३क्ष. मग ६क्ष − ४य + १८ = ०. मग २(क्ष − ३य) = ५क्ष + १२, यात आधी कंस सोडव. आणि शेवटचं ३(क्ष + य) = ३य + १२. पहिल्या चारांची उत्तरं अनुक्रमे य = −(५/२)क्ष + १०, य = −३क्ष + ७, य = (३/२)क्ष + ९/२, य = −(१/२)क्ष − २. पाचव्याचं मी मुद्दाम लिहीत नाही, तू पायऱ्यांसकट इथे टाक, मग त्यावर बोलू.